डावीकडचा रांजण

दिगंबरानं चित्राखालची चिठ्ठी बदलली तेव्हाच पद्मावतीबाईंना कळलं होतं, आजचा दिवस सरळ जायचा नाही.

मालतीनं तिथं एकच शब्द लिहिला होता, ‘दार’. नवऱ्याच्या हातचं शेवटचं चित्र, त्याला एवढं नाव पुरे, असं तिचं म्हणणं. दिगंबर टांग्यातून उतरला तो काळ्या कोटासकट सरळ भिंतीपाशी गेला, ती चिठ्ठी नखानं खरवडली आणि खिशातून आणलेली दुसरी डकवली, ‘हुतात्म्याची अखेरची साक्ष’. मग दोन पावलं मागं सरून, रुखवत मांडल्यावर बघतात तशी मान वाकडी करून बघितली. मालती टेबलावर सुरया मांडत होती. तिनं खाली पडलेली आपली चिठ्ठी उचलून कमरेला खोचली. पद्मावतीबाई तिच्या सुरया पुसायला लागल्या. धाकटा गेल्यापासून थोरल्याला काही बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. एक डोळा गेलेलं माणूस उरलेल्याला फार जपतं. त्यात कचरा गेला तरी चोळत नाही.

नामपल्ली स्टेशनाच्या पाठीमागचा वाचनालयाचा हा हॉल धाकट्यानं, अनंतानं, स्वतः ठरवून ठेवला होता, निजामाचं राज्य होतं तेव्हाच. त्याची लाकडावर कोरून छापलेली चित्रं आणि मालतीची भांडी, नवराबायकोचं मिळून एक प्रदर्शन. बाहेरच्या फळ्यावर ‘शाई आणि माती’ लिहायचं, हेही त्यानंच ठरवलेलं. मग रझाकारांचे दिवस आले आणि प्रदर्शनाची गोष्ट काढायची सोय राहिली नाही. श्रावणात तो गावच्या घराचं बघायला म्हणून निंबगावला गेला, आणि त्याच दिवसांत तोंडं बांधलेली माणसं घरावर चालून आली. अनंत दाराकडं धावला. कुऱ्हाडीचा बोथट तुंबा डोक्यात बसला. घर जळालं. त्याला शहरात, मलकपेठच्या घरी आणलं तेव्हा तो बोलत होता, माणसं ओळखत होता, उशाला टेकून मांडीवर लाकडाची फळी घेऊन कोरतही होता. “कोण होते रे?” असं विचारलं की म्हणे, “आई, तोंडं बांधलेली होती,” आणि पुन्हा कोरायला लागे. एके सकाळी पटाशी हातातून गळाली ती गळालीच. पुढं भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, राज्य गेलं, मोहल्ल्यात पेढे वाटले. पद्मावतीबाईंच्या घरी आलेला पेढा दिवळीत वाळून गेला.

यंदा संक्रांत झाल्यावर मालतीनं ती फळी बाहेर काढली. तिच्यावर शाई चढवली, वर कागद पसरला, आणि यंत्र नव्हतं म्हणून दोघी सासूसुना वाटीच्या बुडानं कागद घासत बसल्या. कागद उचलला तर आत निंबगावच्या घरातला सोपा. समोर उघडं दार, दारात आपल्याकडं तोंड करून उभा असलेला माणूस, तोंडाला फडकं, उगारलेल्या हातात कुऱ्हाड, आणि दाराशेजारी पाण्याचा रांजण. पद्मावतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. कोर्टातून नुकताच आलेला दिगंबर त्यांच्या मागं उभा राहून बघत होता.

“डावा हात आहे,” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. पण निंबगावात डाव्या हातानं कुऱ्हाड चालवणारा माणूस एकच होता. इमाम. त्यांच्याच मळ्यात राबणारा, सारं गाव ज्याला डावऱ्या इमाम म्हणे तो. चार दिवसांनी दिगंबरानं आईला देवघरात एकटीला गाठून सांगितलं, “इमामला उचललाय. दरख्वास्त मीच दिली.” त्या दिवशी पद्मावतीबाई पोटभर जेवल्या. कितीतरी महिन्यांनी घास गोड लागला. त्याची त्यांना शरम वाटली, पण लागला हे खरं. मालतीला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही.

ते सांगायला आज चाँदबी आली.

पाहुणे यायला अवकाश होता. मालती दाराशी आपला रांजण भरत होती. आल्यागेल्याला थंड पाणी मिळावं म्हणून तिनं प्रदर्शनासाठी मुद्दाम एक लहानसा रांजण घडवला होता, अगदी निंबगावच्या त्या मोठ्या रांजणाच्या वळणाचा. पायरीवर कुणीतरी बाई उभी राहिली. अंगावर धुरकट ओढणी, पायात काही नाही.

“बाईसाब, मैं चाँदबी. इमाम की घरवाली.”

पद्मावतीबाईंनी तिला ओळखलं होतं. ओळख दाखवायची नव्हती. मालतीनं मात्र घागर खाली ठेवली. “चाँदबी? तू इकडं कुठं? ये, वर ये.”

“नक्को, इधर इच् ठीक है.” ती पायरीवरच टेकली. “इमाम कू पकड को लाए ना, इधर शहर में रखे. बोलते, तू इच् मारा अनंतबाबा कू. बहूबाई, उनों मारते क्या? बंडी जोत को बीदर तलक बाबा कू कोन लाया? रस्ते में पानी कोन पिलाया? उसी डावे हात से पिलाए. वो इच् हात पो अब इल्जाम है.”

“इमामला कुणी धरलं? कशावरून?”

“तसवीर में हात दिखता कते.”

मालती वळली. भिंतीवरच्या चित्राकडं तिनं बघितलं, मग सासूकडं. पद्मावतीबाई टेबलावरची एक सुरई उगाच पुसत राहिल्या. ती आधीच पुसलेली होती.

“आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“दिगंबर वकील आहे. त्याला कळतं.”

“त्यांना वकिली कळते. ठसा कळत नाही.” मालतीनं त्यांचं मनगट धरलं आणि जवळजवळ ओढतच चित्रापाशी नेलं. सून झाल्यापासून तिनं असा हात कधी धरला नव्हता. “आपण दोघींनी हे छापलं. फळीवर होतं ते कागदावर उलटं आलं, आरशात येतं तसं. तुम्हीच नाही का म्हणालात, अगं, इकडचं तिकडं गेलं?”

“म्हणाले असेन.”

“बाकीच्या चित्रांना ते आधी पातळ कागदावर काढायचे. तो कागद पालथा घालून फळीवर गिरवायचे आणि मग कोरायचे. म्हणून छापल्यावर सुलटं येतं. ह्याला कागद कुठला? मांडीवर फळी घेऊन जसं आठवलं तसं कोरलं. मी धरून होते फळी. त्या फळीवर त्याचा उजवा हात आहे, आत्याबाई.”

पद्मावतीबाई म्हणाल्या, “असेल. मला म्हातारीला काय समजतं त्यातलं.”

“रांजण तर समजतो.” मालतीचा आवाज खाली आला. “चित्रात ज्या बाजूला रांजण, त्याच बाजूला कुऱ्हाड. बघा, दोन्ही उजवीकडं. सोप्यात बसून दाराकडं बघितलं की आपला रांजण कुठल्या हाताला होता?”

हे विचारायला नको होतं. कारण पद्मावतीबाईंना ते त्यांच्या स्वतःच्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

लग्नानंतर मालती पहिल्यांदा निंबगावला गेली तेव्हा गावच्या कुंभाराच्या आव्याजवळ बसून तिनं तो रांजण घडवला होता. मोठ्या घरची सून चिखलात बसलीय म्हणून अख्खं गाव बघायला जमलं. भाजून झाल्यावर इमामनं तो बंडीतून आणला, गवतात गुंडाळून, आणि दाराच्या उजव्या अंगाला टेकवला. पद्मावतीबाई तिथल्या तिथं कडाडल्या, “तिथं चपला काढतात. चपलांपाशी प्यायचं पाणी ठेवायचं? घर आहे का धर्मशाळा?” इमामनं मुकाट्यानं तो पुन्हा उचलला आणि डावीकडं नेऊन ठेवला. कपाळाचा घाम डाव्या हातानं निपटत हसून म्हणाला, “बाईसाब कू मेरा डावा हात नक्को, पन रांजण डावे बाजू कू इच् होना.” सगळे हसले होते. त्याच्या डाव्या हाताला पद्मावतीबाई जन्मभर बोल लावत आल्या होत्या. आंबे आणून द्यायचा तोही डाव्या हातानं. “उजव्या हातानं दे रे, अभद्रा,” असं त्यांनी शंभरदा म्हटलं असेल. अनंत लहानपणी त्याची नक्कल म्हणून डाव्या हातानं जेवायला बसे आणि मार खाई.

“माझ्या लक्षात नाही,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

मालतीनं मनगट सोडलं.

दिगंबर बाहेर फळ्याखाली उभा राहून आल्यागेल्याला नमस्कार करत होता, त्याला तिनं आत बोलावलं. सासरे मुकुंदराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. तीस वर्षं निजाम सरकारच्या महसूल खात्यात काढलेला माणूस. राज्य गेल्यापासून ते कुठंही असेच बसत, आपली खुर्ची कुणीतरी मागायला येईल असे. मालतीनं दोघांसमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. दिगंबरानं पुरतं ऐकून घेतलं. वकील तो, ऐकून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

“झालं तुझं? आता माझं ऐक. अनंताची सगळी चित्रं सुलटी आहेत. चारमिनारचं बघ, बाजार जिथं पाहिजे तिथं. एवढं एकच उलटं, आणि ते नेमकं मुलजिमाच्या फायद्याचं. कुठला हाकिम मानेल?”

“रांजण बघा म्हणावं.”

“रांजण कुठाय? घर जळालं, वरून भिंत पडली. गावातले जे बघणारे होते ते कुठल्या कुठं पांगलेत. इमामची बायको सांगेल, ती तर सांगणारच.”

“मी सांगते.”

“तू त्या घरात किती दिवस राहिलीस मालती? दोन सुट्ट्या.” मग त्याचा स्वर जरा मऊ झाला. “मला काय हौस आहे? इमामच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. पण मुलाहिजा करायचे दिवस नाहीत हे. बाबांची चौकशी चालू आहे. ज्याला त्याला निजामाचा माणूस म्हणायची टूम निघालीय. आपल्या घरचा एक माणूस रझाकारांच्या हातून मेला आणि त्याचा मारेकरी आपण धरून दिला, एवढंच आपल्या पदरात आहे. तेही तू काढून घे.”

“आणि इमाम?”

“उद्या कागद वर जातात. मग अदालत काय ते बघेल.”

“अदालत चित्रच बघणार. आणि फाशी देणार.”

दिगंबर कोटाची गुंडी लावायला गेला तर बोटांना ती सापडेना. पद्मावतीबाईंनी पुढं होऊन लावून दिली, तो शाळेत जायचा तेव्हा लावून देत तशी. दोघांची नजर एकमेकांना भिडली आणि दोघांनीही ती काढून घेतली. ह्यालाही ठाऊक आहे, त्यांना वाटलं. मालतीचं म्हणणं ह्याला पहिल्या शब्दालाच पटलंय.

“मामंजी,” मालती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली, “तुम्ही तरी सांगा.”

मुकुंदरावांना तालुक्यातल्या हरेक शेताची हद्द तोंडपाठ होती. कुठल्या बांधावर कुणाची बाभूळ आहे ते आजही झोपेतून उठवून विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते काठीकडं बघत म्हणाले, “मी सारखा दौऱ्यावर. मला कोण पाणी विचारून द्यायचं? आणून द्यायचे, मी प्यायचो. कुठून आणलं ते बघितलं नाही.”

मालती मग टेबलांकडं गेली आणि भांडी नीट लावायला लागली. ती नीटच होती.

लोक यायला लागले. शहरातले शिक्षक, दोनचार वकील, मलकपेठच्या शेजारणी, अनंताचे शाळेतले विद्यार्थी. भांड्यांपाशी बायका थांबत, झाकणं उचलून बघत, “घरी करते? ह्या हातांनी?” असं विचारत. पुरुष मात्र सरळ शेवटच्या भिंतीकडं जात. ‘हुतात्म्याची अखेरची साक्ष’ वाचून एकेक जण टोपी काढी. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणे, “डावऱ्या होता कते. मळ्यातलाच.” दुसरा म्हणे, “आस्तीनचा साप.” इतर चित्रांकडं कुणी बघितलं असेल नसेल. अनंतानं कोरलेले मुशीच्या वाळूवरचे धोबी, सुलतान बाजारातला फुलवाला, तारनाक्याच्या माळावरच्या शेळ्या, सगळं भिंतीवर होतं. त्याच्या दहा वर्षांच्या कामाची लोकांनी एका हातासाठी माती केली, असं पद्मावतीबाईंना वाटलं, आणि लगेच वाटलं की हे आपल्याला कशाला वाटावं. आपण कोणत्या तोंडानं?

पायरीवर चाँदबी बसलेलीच होती. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात.

एकनाथराव आले तेव्हा दिगंबर धावत पुढं गेला. नवं सरकार बसल्यावर नागपूरकडून जे अधिकारी नेमून आले त्यांतले हे एक. मराठी बोलणारे, म्हणून इथल्या मराठी घरांना मोठा आधार वाटे. शांत माणूस. त्यांनी आधी सगळी भांडी बघितली, एक वाडगा हातात घेऊन वजन करून बघितला, मालतीला दोन बऱ्या गोष्टी बोलले. दाराशी रांजणातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “काय गार आहे हो.” मग चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ.

“हेच ना ते?”

“हेच साहेब,” दिगंबर म्हणाला. “मरणाऱ्या माणसाची साक्ष. कायद्यात तिला फार वजन आहे.”

“साहेब,” मालती मागून म्हणाली, “हे चित्र उलटं आहे.”

चित्रांपुढची माणसं वळून बघायला लागली. स्टेशनात गाडीची शिटी वाजली ती सगळ्यांनी ऐकली. मालतीनं न थांबता सांगितलं, फळीचं, पातळ कागदाचं, रांजणाचं. टेबलाखालून ती फळीही काढून समोर धरली. एकनाथरावांनी एकदा फळीकडं, एकदा कागदाकडं बघितलं. दिगंबर मध्ये बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

“म्हणजे सगळं रांजणावर आलं,” ते म्हणाले. “रांजण खरोखरच उजवीकडं असेल तर चित्र जसंच्या तसं. डावीकडं असेल तर ह्या बाई म्हणतात ते बरोबर, आणि मग हा माणूस उजव्या हाताचा. तसं असेल तर ज्याला धरलाय त्याला मी संध्याकाळच्या आत सोडतो. मला कुणाचे उगाच तळतळाट नकोत.” त्यांनी मुकुंदरावांकडं बघितलं. मुकुंदरावांनी तेच सांगितलं, आपण दौऱ्यावर असायचो. मग ते पद्मावतीबाईंकडं वळले आणि हात जोडले.

“बाई, घर तुमचं. तुमचा मुलगा गेलाय, तुम्हाला विचारायला जीभ रेटत नाही. पण विचारतो. सोप्यात बसून दाराकडं बघितलं, तर पाण्याचा रांजण कोणत्या हाताला होता?”

डावीकडं, असं म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो जिभेच्या टोकावर आला होता, हे पद्मावतीबाईंना पुढं जन्मभर आठवत राहिलं.

पण त्यांनी चित्राकडं बघितलं. दारात तो माणूस उभा होता, तोंडाला फडकं बांधून. आजवर त्या फडक्याआड त्यांना इमामचं तोंड दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून रोज उठून चहा टाकता येत होता. ते तोंड काढून घेतलं की मागं काय उरतं? नुसतं फडकं. कुणीही. तो कुठंतरी दुकानात बसून पान खात असेल, पोरं खेळवत असेल, ह्याच हॉलमध्ये टोपी काढून उभा असेल. त्याला कुणी कधी धरणार नाही, आणि आपण कुणाला शिव्या द्यायच्या तेही आपल्याला मरेपर्यंत कळणार नाही.

“उजव्या,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“चित्रात आहे तसाच होता. माझं घर, मला नाही का कळायचं?”

एकनाथरावांनी मान डोलावली. “घरच्या वडीलधाऱ्या बाई सांगतात, तिथं माझ्यापुढं प्रश्न उरत नाही.” मालतीला ते जरा ओशाळून म्हणाले, “तुमचं दुःख मी समजतो.” आणि दिगंबराच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले. पायरीवर बसलेल्या बाईला वळसा घालून गेले. ती कोण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आत काय सांगितलं गेलं ते गर्दीतून तिच्यापर्यंत पोचलं नाही.

उन्हं कलली तशी गर्दी पांगली. दिगंबर टांगा बघायला गेला. मुकुंदराव खुर्चीतच पेंगायला लागले, किंवा तसं दाखवायला लागले. मालती भांडी गवतात गुंडाळून पेटीत भरत होती. पद्मावतीबाई तिच्या शेजारी बसून गवत सुटं करून देऊ लागल्या. 

“रांजण कुठं होता आत्याबाई?”

“डावीकडं.”

मालतीचा हात थांबला नाही. “मग?”

“मग माझ्या अनंताला कुणी मारलं ते सांग.” पद्मावतीबाईंचा आवाज चिरका झाला. “सांग ना. मी कुणाच्या नावानं बोटं मोडू? वाऱ्याच्या? मी आई आहे त्याची. मला एक तोंड पाहिजे गं डोळ्यांपुढं.”

“मी बायको आहे. मला नाही मिळालं ते तोंड. मी तशीच जगायलेय.”

“तू तरुण आहेस.”

“हो. मला फार दिवस जगायचंय तसं.” मालतीनं पेटीचं झाकण लावलं. “मी उद्या साहेबांच्या कचेरीत जाऊन पुन्हा सांगणार आहे. ते ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. मग तशीच औरंगाबादची गाडी धरते. माझ्या वडिलांकडं. मलकपेठच्या घरात मला आता पाणी पिववणार नाही.”

पद्मावतीबाईंना म्हणायचं होतं, जाऊ नकोस. त्याच्या अंगाला हात लावलेली तू एकटीच उरलीस. त्यांनी गवताची काडी मोडली आणि पुन्हा मोडली. मालती उठली, भिंतीवरून ते चित्र उतरवलं, दिगंबराची चिठ्ठी काढून खिडकीत ठेवली, आणि कागद गुंडाळून फळीबरोबर आपल्या पिशवीत घातला. मागच्या दारानं जाताना तिनं वाकून सासूच्या पायांना हात लावला. लावायलाच हवा होता असं नव्हतं. तेच पद्मावतीबाईंना सोसलं नाही.

त्या उठल्या. दाराशी गेल्या. चाँदबी सकाळपासून बसली होती तिथंच होती, तोंड सुकलेलं, ओठांना भेगा पडलेल्या. दिवसभरात कुणी तिला पाणी विचारलं नव्हतं. पद्मावतीबाईंनी रांजणावरचं फुलपात्र घेतलं, बुडवून भरलं, आणि पायरीवर जाऊन तिच्या पुढं केलं.

चाँदबीनं सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली. निंबगावला तसंच होतं. बाईसाब वरून धार सोडणार, हिनं खाली ओंजळीत प्यायचं; भांडं कधी हातात द्यायचं नाही, घ्यायचं नाही. पण धार आली नाही. पद्मावतीबाईंनी वाकून फुलपात्रच तिच्या ओंजळीत ठेवलं. का ठेवलं ते त्यांना सांगता आलं नसतं. तोंडानं देता आलं नाही ते हातानं तरी द्यावं, असं काहीतरी असेल.

चाँदबी त्या भांड्याकडं बघत राहिली. मग त्यांच्या तोंडाकडं. तिच्या सगळ्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं, आणि ते बघून पद्मावतीबाई एक पायरी मागं सरल्या.

“बाईसाब, मेरे हात में भांडं दिए?” ती म्हणाली. “मैं समज गई. कुच नक्को बोलो तुम. मैं उनकू पैले से इच् बोली थी, डरो नक्को, बाईसाब कू सब मालूम है. सुबू बहूबाई रांजण का पूछे, मैं सुनी. वो तुम इच् हटाए ना, तुमकू याद नई रैता क्या?”

ती घटाघटा पाणी प्यायली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. भांडं रिकामं झाल्यावर तिनं ते ओढणीच्या टोकानं आतबाहेर पुसलं आणि जपून पायरीवर पालथं घातलं.

“मैं जा को उनकू बोलती. मिलने नई दिए तो भित के बाहर से इच् पुकार को बोलती, बाईसाब ने अपने हात से पानी दिए कते.” ती उठली, दोन पायऱ्या उतरली, आणि वळून बघितलं. “छोडते ना, बाईसाब?”

स्टेशनाकडून दिगंबर टांगा घेऊन येत होता. त्यानं लांबूनच हात केला.

“हौ,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “छोडते.”